गच्चीवरचा टॉवर आणि ‘लहरींचा प्रयोग’

‘स्मार्ट सिटीच्या नावाखाली ५जीच्या लहरींचा प्रयोग आपल्यावर चाललाय, पेशी तुटतात’ हा निरोप मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर अधूनमधून फिरतोच. भीती समजण्यासारखी आहे. टॉवर दिसतो, लहरी दिसत नाहीत.

पण ५जीच्या चाचणीत मोजतात तो नेटवर्कचा वेग आणि पल्ला. भारतात ५जी बरंचसं ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्‌झवर चालतं, घरातलं वायफाय २.४ आणि ५ वर. म्हणजे शेजारीच! पेशींमधल्या रेणूंचे बंध तोडण्याची ताकद येते ती वारंवारता (लहरी सेकंदाला किती वेळा कंप पावतात ते) खूप वाढून अतिनील किरणांच्या आसपास पोचली की. साध्या उजेडाची वारंवारताही ५जीच्या लाखपट असते. तीव्रता फार वाढली तर ५जीच्या लहरी उष्णता देतात, म्हणून तर मर्यादा ठरवल्यात. ‘तरंग संचार’ या सरकारी पोर्टलवर आपल्या भागातले टॉवर पाहता येतात, त्यांच्या लहरींच्या मोजणीची विनंतीही करता येते.