धुतलेले रक्त म्हणजे ‘शुद्ध’ रक्त नव्हे

हृदयाच्या किंवा मणक्याच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये वाहिलेले रक्त तिथेच एका यंत्रात धुऊन त्याच रुग्णाला परत देता येते. ‘धुतात’ हे ऐकून अनेकांना वाटते, रक्त शुद्ध होऊन येते. बाजारातल्या ‘रक्तशुद्धी’च्या काढ्यांनी हा शब्दच नासवला आहे, ते काम यकृत आणि मूत्रपिंडे अहोरात्र करतात, त्यांना बाटलीची गरज नसते. या यंत्रातून परत मिळतात त्या फक्त सलाईनमधल्या तांबड्या पेशी.

कल्पना जुनी आहे. एडिनबरोच्या जॉन डंकन या सर्जनने पाय कापताना वाहिलेले रक्त, ते गोठू नये म्हणून सोडियम फॉस्फेट मिसळून, रुग्णाच्या शिरेत परत सोडल्याची नोंद 1886ची आहे. त्यात धुणे मात्र नव्हते.

आजची सक्शनची नळी दुपदरी असते. एका पोकळीतून रक्त वर यंत्राच्या टाकीत जाते, दुसरीतून हेपारिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचे सलाईन (1 लिटरमध्ये 30,000 युनिट) थेंबथेंब टोकाशी येते. 100 मिली रक्तामागे साधारण 15 मिली लागते. कमी पडले की टाकीतच गुठळ्या होतात. सक्शनचा जोर शक्यतो 150 मिमी पाऱ्याच्या आत ठेवतात. रक्त हवेसकट फुरफुरत ओढले गेले तर पेशी फुटतात, म्हणून टोक साचलेल्या रक्तात बुडालेले हवे.

खरी गंमत फिरणाऱ्या बाउलमध्ये आहे. घंटेच्या आकाराचा, 225 मिलीचा, मिनिटाला 5,600 फेऱ्या घेणारा. रक्त मधल्या नळीतून तळाशी उतरते. तांबड्या पेशी सर्वांत जड, त्या बाहेरच्या भिंतीला थापल्या जातात. हलका प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव, आत राहतो आणि वरून कचऱ्याच्या पिशवीत ओसंडतो. पेशींचा थर बाउलच्या खांद्याशी पोचला की प्रकाशाचा सेन्सर भरणी थांबवतो. मग तळातून लिटर-दीड लिटर सलाईन त्या थरातून झिरपत जाते आणि हेपारिन, फुटलेल्या पेशींचे हिमोग्लोबिन, चरबी घेऊन बाहेर पडते. बाहेरची नळी पाण्यासारखी स्वच्छ दिसेपर्यंत धुवायचे.

बाउल अर्धवट भरला तर थर पातळ राहतो, सलाईन त्याला वळसा घालून निघून जाते आणि धुणे कच्चे राहते. भरलेल्या बाउलमध्ये पेशी 55 टक्के, म्हणजे सुमारे 124 मिली. टाकीतल्या पातळ रक्तात त्या 20 टक्के असतील, तर एका बाउलला 620 मिली रक्त लागते. थोड्या रक्तस्रावात म्हणूनच यंत्र लावण्यात अर्थ नसतो.

जखमेत बीटाडीन, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा साधे निर्जंतुक पाणी ओतले असेल तेव्हा ही सक्शन बंद ठेवून दुसरी वापरायची. पाण्याने तर पेशी फुगून फुटतात.

प्लाझ्माबरोबर गोठण्याचे घटक आणि बहुतेक प्लेटलेटही कचऱ्यात जातात. बाउलमागून बाउल देत राहिले तर हिमोग्लोबिन ठीक दिसते, पण जखम झिरपतच राहते. तेव्हा रक्तपेढीतून प्लाझ्मा आणि प्लेटलेट मागवावेच लागतात.

धुतलेल्या रक्ताच्या पिशवीवर रुग्णाचे नाव लिहून ती त्याच्याजवळच ठेवतात आणि 4 तासांत चढवतात. तिच्यात हवा असते, म्हणून प्रेशर बॅग गुंडाळून ती कधीही दाबायची नाही. रक्त संपताच हवा शिरेत जाते.