आर्मस्ट्राँगांची गढी : गिलनॉकी बुरुजामागचा इतिहास

स्कॉटलंडच्या दक्षिणेला, लँगहमजवळ, एस्क नदीच्या काठी गिलनॉकीचा दगडी बुरुज आहे. आज तिथे आर्मस्ट्राँग घराण्याचं संग्रहालय आहे. पडझड झालेल्या गढीचा एकच बुरुज शाबूत राहावा, तसा तो दिसतो. बघायला जाणाऱ्यानं सोळाव्या शतकातली ही सीमा आधी समजून घ्यावी.

एस्क आणि सार्क नद्यांमधल्या पट्ट्यावर स्कॉटलंड आणि इंग्लंड दोघंही हक्क सांगत, पण अंमल कुणाचाच नव्हता. १५५२ साली चर खणून त्याची वाटणी झाली. तोवर माणसाला आधार होता तो आडनावाचा, म्हणजे आपल्या घराण्याचा. शेजारच्या मुलखातली गुरं रातोरात हाकून आणणं हा तर उघड पेशा, आणि त्यात आर्मस्ट्राँगांचा दरारा मोठा.

बुरुज १५२० च्या सुमारास जॉनी आर्मस्ट्राँगनं बांधला, असं परंपरा सांगते. (त्याची मूळ गढी नदीकाठी दुसरीकडेच होती, असंही काही अभ्यासक मानतात.) जाड भिंती, तळमजल्याला आग वर चढू नये म्हणून दगडी कमानीचं छत, आणि एका वेळी एकच माणूस चढेल असा अरुंद चक्री जिना. माथ्यावर इशाऱ्याचा जाळ पेटवायची दगडी जागा आहे, ती चुकवू नये. वेढा महिनोन्‌महिने लढवायला हे बांधकाम नव्हतं. शेजारचे भाऊबंद धावून येईपर्यंत तग धरली की पुरे.

१५३० साली स्कॉटलंडचा राजा पाचव्या जेम्सनं जॉनीला साथीदारांसह कार्लनरिगला फासावर चढवलं. राजानं भेटीला बोलावून दगा दिला, असं तिथली लोकगीतं सांगतात, आणि त्यांचं म्हणणं मला आजही पटतं. घराणं खरं मोडलं ते १६०३ नंतर. स्कॉटलंड आणि इंग्लंडचे मुकुट एकाच डोक्यावर आले, गुरं पळवून सीमेपलीकडे आसरा घ्यायची सोय उरली नाही, आणि फाशी, हद्दपारी सुरू झाली. पुष्कळजण आयर्लंडमधल्या अल्स्टरला गेले. घराण्याला आज प्रमुखही नाही.

१९७२ साली चंद्रवीर नील आर्मस्ट्राँग लँगहमला आले. गावात आर्मस्ट्राँग दिसला तर फाशी द्यावी, हा चारशे वर्षांपूर्वीचा कायदा त्यांना वाचून दाखवला गेला, आणि गावाचं मानाचं नागरिकत्वही दिलं गेलं. तेव्हा बुरुजाला छप्परही नव्हतं. दुरुस्ती झाली ती त्या दशकाच्या अखेरीस. बुरुज आधी राहतं घर झाला, आणि पुढे संग्रहालय.