टेलिफोटो झूम लेन्स, वेगवान : निवड

दूरचा विषय टिपण्यासाठी वापरली जाणारी, केंद्रांतर (जितके जास्त, तितका विषय मोठा दिसतो) सलग बदलता येणारी म्हणजेच झूम, आणि संपूर्ण पल्ल्यात एफ/२.८ हे कमाल छिद्र कायम राखणारी कॅमेऱ्याची लेन्स. एफपुढचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे; मोठ्या छिद्रामुळे शटरचा वेग वाढवता येतो, म्हणून ती ‘वेगवान’. फुल-फ्रेम (३६×२४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यासाठी ७०-२०० मिमी हा तिचा रूढ पल्ला असून छायाचित्रकार तिला ‘सत्तर-दोनशे’ म्हणतात. एपीएस-सी (त्याहून लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यात तेच काम ५०-१४० किंवा ५०-१५० मिमी लेन्स करते.

पूर्वपीठिका : टेलिफोटो रचना प्रथम कोणी केली याबाबत मतभेद आहेत. पुढे बहिर्गोल आणि मागे अंतर्गोल भिंगांचा गट बसवून लेन्सची लांबी केंद्रांतराहून कमी ठेवणे, हे तिचे तत्त्व. पीटर बार्लो यांनी १८३४ च्या सुमारास दुर्बिणीसाठी वापरलेले अंतर्गोल भिंग हे तिचे पूर्वरूप मानले जाते. छायाचित्रणासाठी अशी लेन्स १८९१ मध्ये लंडनचे टॉमस डॅलमायर व जर्मनीतील आडोल्फ मीटे यांनी जवळजवळ एकाच वेळी मांडली; म्यूनिकच्या श्टाइनहाइल यांचेही नाव याच संदर्भात घेतले जाते. अग्रहक्काचा वाद निर्णायकपणे मिटला नाही. तेव्हा एकाच कोणाला श्रेय देण्यापेक्षा तिन्ही ठिकाणचे काम समांतर मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

झूमचा उगमही असाच वादग्रस्त आहे. क्लाइल ॲलन यांचे अमेरिकी पेटंट १९०२ चे. पण प्रत्यक्ष वापरात रुळलेली पहिली झूम म्हणून बहुधा १९३२ च्या कुक व्हॅरो या ४०-१२० मिमी सिने-लेन्सचा उल्लेख होतो. स्थिरचित्रणात फ्रँक बॅक यांनी रचलेली फॉइग्टलेंडर झूमार (१९५९, ३६-८२ मिमी, एफ/२.८) पहिली मानतात. तिचा पल्ला मात्र टेलिफोटोचा नव्हे. त्या दृष्टीने त्याच वर्षीची निकॉनची ८.५-२५ सेंमी (एफ/४-४.५) ही आजच्या सत्तर-दोनशेची खरी पूर्वज ठरते. एफ/२.८ कायम राखणारी निकॉनची ८०-२०० मिमी १९८२ च्या सुमारास आली. तिला ९५ मिमी फिल्टर लागे आणि वजन दोन किलोच्या आसपास होते. १९८८ च्या ऑटोफोकस आवृत्तीपासून फिल्टर ७७ मिमीवर आला.

किंमत कशाची : २०० ला २.८ ने भागल्यास सुमारे ७१ मिमी येतात; समोरच्या काचेचा व्यास किमान तेवढा हवाच. एफ/४ ला ५० मिमी पुरतात. म्हणून कॅननची स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) नसलेली ७०-२०० एफ/२.८ (१९९५) सुमारे १,३१० ग्रॅम, तर तिचीच एफ/४ आवृत्ती (१९९९) ७०५ ग्रॅम भरते. बंदिस्त सभागृहातील कबड्डीला एफ/२.८, १/५०० सेकंद व आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० पुरत असेल, तर तिथेच एफ/४ ला ६४०० आणि एफ/५.६ ला १२,८०० लागेल. आजचे सेन्सर ६४०० सहज झेलतात. त्यामुळे केवळ उजेडासाठी एफ/२.८ घेण्याचे कारण पूर्वीइतके सबळ राहिलेले नाही. पार्श्वभूमी विरघळवण्यासाठी ते अजून आहे. २०० मिमी, एफ/२.८ व ५ मीटर अंतर असता सुस्पष्टतेची खोली (पुढेमागे जेवढा भाग स्पष्ट दिसतो ती) जेमतेम १० सेंमी असते.

स्वस्त पर्याय : सर्वाधिक फसगत फोकस फिरवणाऱ्या मोटरबाबत होते. निकॉनच्या जुन्या एएफ-डी ८०-२०० मध्ये मोटर नसते. कॅमेऱ्यातील मोटर एका दांड्याने फोकस फिरवते. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतील कॅमेऱ्यांत ही मोटर नाही, जुन्या लेन्स मिररलेस (आरसा नसलेल्या) झेड कॅमेऱ्यांना जोडणाऱ्या एफटीझेड ॲडाप्टरमध्येही नाही. तिथे फोकस हातानेच करावा लागतो. डी७०००, डी७५०, डी८५० यांवर ती व्यवस्थित चालते. घ्यायचीच तर पुश-पुल (रिंग पुढेमागे सरकवून झूम करण्याच्या) आवृत्तीऐवजी झूम व फोकससाठी वेगळ्या अशा दोन रिंगांची (१९९७ च्या सुमाराची) घ्यावी, तिला ट्रायपॉड कॉलर (लेन्सच ट्रायपॉडवर बसवण्याचे कडे) असते. एएफ-एस आवृत्त्यांची मोटर लेन्समध्येच असते; ती किंचाळू लागली की दुरुस्ती महाग पडते. कॅननच्या सर्व ईएफ (आरशाच्या एसएलआर कॅमेऱ्यांच्या) लेन्समध्ये मोटर असल्याने १९९५ ची ७०-२०० ॲडाप्टरवर मिररलेस आर मालिकेतही फोकस करते. आर६ सारख्या बॉडीत स्टॅबिलायझेशनही मिळते. जुन्या वापरलेल्या लेन्सांत हा सौदा सर्वांत निर्धोक म्हणावा लागेल. फिल्मच्या काळातील सिग्मा ईएफ लेन्स मात्र डिजिटल कॅननवर छिद्र लहान करताच एरर देतात, त्या टाळाव्यात.

नव्यांपैकी टॅमरॉन ७०-१८० एफ/२.८ (२०२०, सोनी ई माउंट) ८१० ग्रॅमची व ६७ मिमी फिल्टरची आहे. तिच्यात स्टॅबिलायझर नाही, तो २०२३ च्या जी२ आवृत्तीत आला. सोनीवर अन्य कंपन्यांच्या लेन्सना टेलिकन्व्हर्टर (लेन्समागे बसवून केंद्रांतर वाढवणारे साधन) चालत नाही. निकॉन झेड ७०-१८० (२०२३) त्याच प्रकाशीय रचनेवर बेतलेली असावी असा सर्वसाधारण समज आहे. तिला मात्र टेलिकन्व्हर्टर चालतो. १.४ पट टेलिकन्व्हर्टर एक स्टॉप (म्हणजे निम्मा) उजेड खातो, २ पट दोन स्टॉप.

तपासणी : वापरलेली लेन्स घेताना छिद्र पूर्ण उघडून मागून टॉर्च तिरपा मारावा. सुटी धूळ चित्रात उतरत नाही, तिच्यासाठी भाव पाडता येतो. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू (फंगस), दुधी धूसरपणा किंवा चिकटवलेल्या काचांच्या कडेला इंद्रधनुषी पट्टे दिसले तर लेन्स परत करावी. छिद्राच्या पात्यांवर तेल असेल तर पाती उशिरा मिटतात व चित्रे जास्त उजळ येतात. मग ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझर बंद ठेवून, २०० मिमी व एफ/२.८ वर विटांच्या भिंतीचे चित्र समोरून काटकोनात घ्यावे. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच बाजू मऊ असेल तर भिंगांचा एखादा गट सरकलेला आहे, आणि बहुधा लेन्स कधीतरी पडलेली आहे. हीच चाचणी २ मीटरवर आणि दूर अंतरावर करावी. डीएसएलआरवर (आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर) दोन्हीकडे फोकस सारखाच मागे किंवा पुढे पडत असेल तर मायक्रो-ॲडजस्टमेंटने (कॅमेऱ्यातील फोकस-दुरुस्तीच्या सोयीने) सुधारतो. एका अंतरावर बरोबर व दुसऱ्यावर चूक असेल तर नाही. जुन्या ८०-२०० मध्ये जवळच्या अंतरावर हा दोष विशेष आढळतो.

निगा : मुंबई व कोकणातील पावसाळ्यात बॅगेत बंद ठेवलेल्या लेन्सला फंगस लवकर लागतो. ड्राय कॅबिनेटमध्ये ४० ते ५० टक्के आर्द्रता ठेवावी. सिलिका जेलसह हवाबंद डबाही चालतो, पण जेलचा रंग बदलताच ते तापवून कोरडे करावे लागते. फंगसने काचेवरचा लेप खाल्ला असेल, तर लेन्स उघडून साफ केल्यावरही डाग राहतो आणि उजेडाकडे तोंड करून घेतलेल्या चित्रांत कॉन्ट्रास्ट घसरतो.