अ‍ॅस्पिडोऱ्हिंकस की बेलोनोस्टोमस? खालचा जबडा बघा

जर्मनीत, बव्हेरियातल्या सोल्नहोफेनच्या चुनखडीत, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत, या दोन्ही लांबचोच्या माशांचे जीवाश्म सापडतात. कूळ एकच, आणि दोघांनाही नाव दिलं ते एकोणिसाव्या शतकातला जीवाश्म माशांचा अभ्यासक लुई अगासीने. सडपातळ अंग, पाठीचा आणि पोटाखालचा पर शेपटीजवळ समोरासमोर, कुशीवर जाड, चकचकीत, उभट खवले. अंगकाठीवरून ओळखायला गेलात तर हमखास फसाल.

खरी खूण खालच्या जबड्यात. या कुळात त्याच्या टोकाला प्रीडेंटरी नावाचं एक जादा हाड असतं. अ‍ॅस्पिडोऱ्हिंकसमध्ये ते आखूड, म्हणून वरची चोच बरीच पुढे निघते. बेलोनोस्टोमसमध्ये तेच हाड लांबलचक, त्यामुळे वरखाली दोन्ही चोची जवळजवळ बरोबरीने संपतात.

मोजायचं ते जबड्याच्या सांध्यापासून: एकदा वरच्या टोकापर्यंत, एकदा खालच्या. मग उजेड अगदी तिरपा धरून प्रीडेंटरीची मागची कड शोधा. ही पायरी गाळू नका, कारण नुसती लांबी दगा देते. बेलोनोस्टोमसची प्रीडेंटरी निखळून पडली, की खालचा जबडा आखूड दिसतो आणि नमुना थेट अ‍ॅस्पिडोऱ्हिंकस वाटतो. उलट, अ‍ॅस्पिडोऱ्हिंकसच्या चोचीचं टोक तुटलं तर दोन्ही जबडे सारखे भासतात. टोक डागडुजीत रंगवून लांबवलेलंही असू शकतं. अतिनील दिव्याखाली मूळ हाड आणि भरलेला मसाला वेगवेगळे चमकतात, तेव्हा मोजण्याआधी दिवा लावाच.

आकार दुय्यम. अ‍ॅस्पिडोऱ्हिंकस साधारण ६० सेंटिमीटरचा, बेलोनोस्टोमस बहुधा त्याहून लहान नि बारीक. पण पिल्लू कुणाचंही असू शकतं.

ऱ्हॅम्फोऱ्हिंकस या उडत्या सरीसृपाला चिकटलेला मोठा मासा दिसला, तर तो अ‍ॅस्पिडोऱ्हिंकस असण्याची शक्यता दाट. असे अनेक नमुने २०१२ मध्ये फ्राय आणि टिशलिंगर या संशोधकांनी अभ्यासले. त्यांच्या मते, पंखाच्या पडद्यातले चिवट तंतू माशाच्या दाट दातांत अडकले. त्याला ना गिळता आलं, ना सोडता, आणि दोघंही प्राणवायू नसलेल्या तळाच्या पाण्यात गेले.

थराचं वय मात्र नक्की विचारा. अ‍ॅस्पिडोऱ्हिंकस ज्युरासिक काळातला, बेलोनोस्टोमस मात्र त्यानंतरच्या क्रेटेशियस काळभर टिकला. ब्राझीलच्या क्रेटेशियस थरांतला मासाही अगासीने आधी अ‍ॅस्पिडोऱ्हिंकस कॉम्प्टोनी म्हणून नोंदवला होता. तो आता व्हिंक्टिफर या वेगळ्या प्रजातीत आहे. म्हणून क्रेटेशियसच्या दगडावर अ‍ॅस्पिडोऱ्हिंकसची चिठ्ठी दिसली, तर आधी चिठ्ठीच तपासा.