रिपोर्टमध्ये व्हायरस नाही, मग हिपॅटायटिस बी परत येतो कुठून?

'नॉट डिटेक्टेड' असा रिपोर्ट हातात पडला की हिपॅटायटिस बीचे काही पेशंट आपल्या मनानेच गोळ्या बंद करतात, आणि पुढे काही महिन्यांनी एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) एकदम वर गेलं की औषधच बोगस होतं म्हणून मोकळे होतात. औषध बोगस नसतं हो. ती टेस्ट रक्तातला व्हायरस मोजते, आणि खरा ठिय्या असतो लिव्हरच्या पेशीत, थेट केंद्रकात.

तिथला प्रकार भन्नाट आहे. बीचा डीएनए जेमतेम 3200 अक्षरांचा, गोल पण अर्धवट, एक धागा जवळपास पूर्ण आणि दुसरा अपुरा. तो केंद्रकात शिरला की आपलीच दुरुस्तीवाली एन्झाइम्स त्याला आपला बिघडलेला डीएनए समजून रिकामी जागा भरतात, टोकं जोडतात आणि एक पक्कं बंद वर्तुळ तयार करून देतात, त्याला म्हणतात सीसीसीडीएनए. त्यावर आपलेच हिस्टोन, म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळला जातो ती प्रथिनं, बसतात, म्हणजे छोटंसं गुणसूत्रच झालं की. मग त्याच्यावरून आरएनए निघतो, केंद्रकाबाहेर येऊन कॅप्सिडमध्ये, म्हणजे व्हायरसच्या प्रथिनांच्या कवचात, पॅक होतो, आत रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज त्याचा परत डीएनए बनवतं, आणि यातले काही कॅप्सिड पेशीबाहेर न जाता उलटे केंद्रकाकडे वळून वर्तुळांचा साठा वाढवतात. टेनोफोविर, एन्टेकाविर या बीच्या गोळ्या अडवतात ती फक्त रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजची पायरी. वर्तुळ तसंच राहतं. त्यामुळे 'कावीळ मुळासकट बरी' अशी जाहिरात दिसली तर हे वर्तुळ नेमकं कशाने तोडता एवढंच विचारा.

हिपॅटायटिस सीचं तसं नाही. तो आरएनएवाला, केंद्रकात जातच नाही, डीएनए बनवत नाही. गोळ्या संपल्यावर 12 आठवड्यांनी रक्तात आरएनए नसेल तर बहुतेकांचा विषय संपला. अँटिबॉडी टेस्ट पुढेही पॉझिटिव्ह येत राहते, तिला घाबरू नये. खूप उशिरा आरएनए परत सापडलाच तर बऱ्याचदा ते नवीन इन्फेक्शन असतं, आणि आधीच्या व्हायरसचा सिक्वेन्स (जनुकीय अक्षरांचा क्रम) जपून ठेवलेला असेल तर जुळवून बघता येतं.

दोन्ही एकत्र असले की मात्र गोची. सी असताना बी बऱ्याचदा दबून असतो, सी गेला की तो डोकं वर काढतो, म्हणून 2016 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने सीच्या नव्या गोळ्यांवर ठळक इशारा छापायला लावला. केमो किंवा रिटुक्सिमॅब अशा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या उपचारांच्या आधी बीच्या सरफेस अँटिजेनसोबत (व्हायरसचं बाहेरचं प्रथिन) कोअर अँटिबॉडीपण (बी कधीतरी होऊन गेल्याची खूण) तपासतात ती बी असाच परत उसळू नये याच्याचसाठी, कारण सरफेस अँटिजेन कित्येक वर्षं निगेटिव्ह असलेल्या माणसातही ते वर्तुळ शिल्लक असू शकतं.