बाहेरच्या किचनमध्ये गॅस साठत नाही? साठतो!
किचन उघड्यावर आहे म्हणजे गॅस लीक झाला तरी वाऱ्यावर उडून जाईल, असं सगळेच सांगतात पण ते अर्धंच खरंय. ओटा असतो हो उघड्यावर, सिलेंडर मात्र त्याच्याखाली विटांच्या बंद कप्प्यात, वर छान दरवाजा लावून. सिलेंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड, त्यातला प्रोपेन साधारण दीडपट आणि ब्यूटेन दुप्पट, त्यामुळे तो वर न जाता तळाशी पसरून बसतो आणि मग लायटरची एक ठिणगी पुरते. म्हणून कप्प्याला गॅस बाहेर जाण्यासाठीच्या जाळ्या जमिनीलगतच हव्यात, समोरासमोरच्या दोन बाजूंना, थेट बाहेर उघडणाऱ्या. मिस्त्री वरच्या बाजूला भोकं पाडून मोकळा होतो, त्या भोकांतून तळाचा गॅस निघत नाही (पाइपचा नैसर्गिक गॅस हलका, त्याला मात्र वरचीच लागतात).