सनस्क्रीनमधील घटक

सूर्यप्रकाशातले अतिनील किरण त्वचेतल्या जिवंत पेशींपर्यंत पोहोचण्याआधी अडवणारी रसायने. या किरणांपैकी यूव्हीबी (तरंगलांबी २८०–३१५ नॅनोमीटर) त्वचा भाजतात आणि डीएनएला थेट इजा करतात. यूव्हीए (३१५–४०० नॅनोमीटर) अधिक खोल जातात. सुरकुत्यांना मुख्यतः तेच जबाबदार.

ॲव्होबेन्झोन, ऑक्टोक्रिलीन यांसारखी सेंद्रिय संयुगे किरणांची ऊर्जा शोषतात आणि उष्णतेच्या रूपात सोडून देतात. ॲव्होबेन्झोन यूव्हीए चांगले शोषते, पण उन्हात स्वतःच मोडते; त्याला टिकवण्यासाठी बहुधा ऑक्टोक्रिलीनची जोड देतात. झिंक ऑक्साइड व टायटॅनियम डायऑक्साइड ही खनिजे किरण आरशासारखे परतवतात, हा समज मात्र चुकीचा आहे. तीही बहुतांश किरण शोषतातच. परावर्तनाचा वाटा जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास. चेहऱ्यावर उमटणारी पांढुरकी झाक ही दृश्य प्रकाश विखुरल्याची खूण असते.

एसपीएफ हा सनस्क्रीनच्या संरक्षणाचा आकडा. एसपीएफ ३० म्हणजे त्वचा लाल करणाऱ्या किरणांचा तिसावा भाग आत जातो. हा आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर देऊन काढतात. प्रत्यक्षात लोक त्याच्या निम्मेही लावत नाहीत, त्यामुळे बाटलीवरचे संरक्षण सहसा पदरात पडत नाही.

सुरक्षिततेची कसोटी सगळीकडे सारखी नाही. अमेरिकेत सनस्क्रीन हे औषध, तर युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधन. २०१९ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने वरील दोन खनिजांनाच सुरक्षित व परिणामकारक ठरवण्याचा प्रस्ताव मांडला आणि १२ घटकांबद्दल आणखी माहिती मागवली. त्याच वर्षी सनस्क्रीन लावलेल्या स्वयंसेवकांच्या चाचणीत ॲव्होबेन्झोन आणि ऑक्सिबेन्झोन (किरण शोषणारे आणखी एक सेंद्रिय संयुग) यांचे रक्तातले प्रमाण दर मिलिलिटरला ०.५ नॅनोग्रॅम या मर्यादेपलीकडे गेलेले आढळले. यावर गदारोळ झाला, पण ही मर्यादा पुढील विषारीपणाच्या चाचण्या लागतील का, एवढेच ठरवते. घटक रक्तात उतरला म्हणजे अपाय झाला, असे ती सांगत नाही. युरोपात प्राण्यांना अपाय न करणारी मात्रा माणसाच्या संभाव्य मात्रेच्या निदान १०० पट असावी, असा दंडक साधारणपणे लावतात. अशाच हिशेबातून अंगाला लावायच्या क्रीममध्ये ऑक्सिबेन्झोनची मर्यादा २.२ टक्क्यांवर आणली गेली. टायटॅनियम डायऑक्साइड त्वचेवर चालते, पण फुफ्फुसात जाऊ शकेल अशा फवाऱ्यात चालत नाही.

लाभाचा भक्कम पुरावा ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावचा आहे. तिथे १९९२ पासून काही वर्षे चाललेल्या चाचणीत रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात स्क्वेमस पेशींच्या (त्वचेच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशींच्या) कर्करोगाच्या गाठी सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळल्या. बेसल पेशींच्या (त्याच थराच्या तळाशी असणाऱ्या पेशींच्या) कर्करोगात मात्र तसा स्पष्ट फरक दिसला नाही.